पिकअप घाटात गरम होते? पार्ट बदलण्याआधी काटा कधी चढतो ते बघा

आधी लक्षणं. आपली गाडी यातल्या कुठल्या तऱ्हेची आहे ते ओळखा, तपासणी कुठून सुरू करायची ते त्यावरच ठरतं.

पहिली तऱ्हा: भरलेली गाडी घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो आणि माथ्यावर सपाट रस्ता लागला की पाच-दहा मिनिटांत जागेवर येतो. दुसरी: गाडी पळतेय तोवर काही नाही, पण मार्केट यार्डाच्या गेटवर किंवा रस्त्याच्या कामाच्या डायव्हर्जनला उभी राहिली की चढतो. तिसरी: हायवेला रेस वाढवली की चढतो, हळू केली की उतरतो. चौथी: काटा जागचा हलत नाही, पण दर दोन दिवसांनी लिटरभर पाणी कमी. पाचवी: सकाळी सुरू करून चार किलोमीटर जात नाही तोवर उकळते. आणि सहावी, सगळ्यात फसवी: काटा चढत चढत जातो, मग एकदम खाली पडतो आणि ड्रायव्हरला वाटतं, चला, थंड झाली.

उभी असताना गरम होत असेल तर संशय पंख्यावर. चढावर किंवा जास्त रेसला होत असेल तर रेडिएटरची जाळी, पाइप, पाण्याचा प्रवाह. नुसतं पाणी कमी होत असेल तर गळती, दिसणारी किंवा न दिसणारी. सुरू केल्या केल्या उकळत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल) बंद अडकलाय किंवा हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय. आणि काटा एकदम पडला तर गाडी थंड झालेली नाही. सेन्सरपाशी पाणीच उरलेलं नाही. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच खरं सांगतो. हवेत उघडा पडला की काहीही सांगतो. अशा वेळी ‘काटा उतरला’ म्हणून पुढे ओढलेली इंजिनं मी बरीच खोलली आहेत.

माझं गॅरेज आंबा घाटाच्या पायथ्याशी आहे. गेली बावीस वर्षं डिझेल गाड्यांचंच काम. एप्रिल-मेमध्ये रत्नागिरीकडून हापूस भरून कोल्हापूर-सांगलीला निघालेल्या पिकअप आमच्या दारात वाफा सोडत उभ्या राहतात. आंब्याच्या गाड्या आंबा घाटातच गरम होतात, हा विनोद दरवर्षी कुणीतरी नव्याने करतो. मला खटकतं ते दुसरंच. बाटलीभर पाणी ओतलं की गाडी पुन्हा निघते, त्यामुळे दुखणं तसंच राहतं. त्याच गाड्या पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला हेड खराब करून येतात.

हात लावण्याआधी

गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. चिंधी धरूनही नाही, ‘हळूच अर्धा आटा’ सोडूनही नाही. आत पाणी दाबाखाली असतं. ०.९ बारचं झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, द्रव राहतं. तुम्ही झाकण सोडलं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. वरचा मोठा पाइप उघड्या हाताने दाबता येईपर्यंत थांबा. उन्हात त्याला पाऊण तास लागतो, कधी तासही.

दुसरं, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, इंजिनावरही मारू नका. हेड तडकतं.

पुढचं सगळं थंड इंजिनावर, सकाळी गाडी सुरू करण्याआधी करायचं. जिथे इंजिन चालू ठेवायला सांगितलंय तिथे मफलर, टॉवेल, सैल बाह्या पंख्यापासून लांब. इलेक्ट्रिक पंखा असलेल्या गाडीत इंजिन बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढा.

पाणी आणि झाकण

बहुतेक जण प्लास्टिकच्या बाटलीत पाहतात, पातळी दिसते, म्हणतात पाणी आहे. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर थंड असताना ते उघडून आत बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर चार बोटं रिकामा, हे मला आठवड्यातून एकदा तरी दिसतं. याचा अर्थ झाकण काम करत नाही.

झाकणात दोन वॉल असतात. मोठा दाब धरून ठेवतो आणि जास्त झालेलं पाणी बाटलीत सोडतो. मधला छोटा वॉल इंजिन थंड होताना उघडतो आणि बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घेतो. मोठ्याचा रबर कडक झाला किंवा चिरला की दाब धरत नाही, आणि पाणी शंभरच्या आसपासच उकळायला लागतं. छोटा अडकला की पाणी बाटलीत जातं, परत येत नाही. सकाळी थंड इंजिनावर वरचा पाइप चपटा झालेला दिसला तर समजा छोटा वॉल गेला, रेडिएटर स्वतःचाच पाइप चोखतोय.

झाकण हा सगळ्यात स्वस्त पार्ट, पण तो त्याच आकड्याचा घ्या. वर ०.९ किंवा १.१ असं कोरलेलं असतं. ‘बसतंय ना’ म्हणून दुसऱ्या गाडीचं लावू नका. कमी दाबाचं लावलं तर लवकर उकळते, जास्त दाबाचं लावलं तर जुना पाइप किंवा रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फुटते.

पाण्याबद्दल एक. कुलंट फक्त थंडीत गोठू नये म्हणून असतं आणि कोकणात कुठे बर्फ पडतो, असं मला ऐकवणारे पुष्कळ आहेत. कुलंटमुळे उकळबिंदू वाढतो, पण त्याहून मोठं काम म्हणजे ते गंज धरू देत नाही. रेडिएटरमधून तांबडं पाणी निघालं तर आमच्याकडे म्हणतात, जांभ्याची माती गेली असेल. ती माती नव्हे हो, तुमच्या इंजिनाचं लोखंड आहे ते. आणि घाटावरच्या बोअरचं पाणी घालणाऱ्यांच्या रेडिएटरमध्ये क्षाराचा थर बसतो, चहाच्या किटलीत बसतो तसाच. कुलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचं घ्या, डिस्टिल्ड पाण्यात मिसळा, आणि दोन जातींची मिसळ करू नका. नुसता रंग सारखा असला म्हणून जात सारखी असते असं नाही. काढलेलं जुनं कुलंट अंगणात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

जाळी

इथे जरा थांबतो, कारण घाटात तापणाऱ्या गाड्यांपैकी सगळ्यात जास्त माझ्याकडे इथेच सुटतात. पाण्याच्या पाइपाशिवाय दुसरं काही लागत नाही.

समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. ती एसीच्या कंडेन्सरची, किंवा टर्बो गाडीत इंटरकूलरची असते. रेडिएटर तिच्या मागे. दोन्हींच्या मध्ये बोटभर फट आणि त्या फटीत काय साठलंय ते समोरून दिसत नाही. टॉर्च बाजूने मारा, वरून मारा. गेल्या हंगामात एका गाडीच्या फटीत टॉर्च धरला तर पलीकडचा उजेडच येईना. कंडेन्सर सोडून पुढे ओढला आणि मागून अख्खी वाकळ निघाली. चिऱ्याची तांबडी धूळ, तिच्यावर डिझेल-ऑइलचा चिकट हात, त्यात भाताचा पेंढा, किडे, एक पिशवी. ती गाडी पावसाळ्यानंतर चिरे वाहायची आणि एप्रिलमध्ये आंबा. हापूसच्या पेटीतला पेंढा आणि खाणीतली धूळ यांनी मिळून अर्धा रेडिएटर बंद केला होता. सपाटीला अर्धा रेडिएटर पुरतो. भरलेल्या गाडीला घाटात पुरत नाही. म्हणून ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की गाडीत काही दोष नाही, घाटच वाईट आहे.

धुताना पाणी इंजिनाकडून पुढे मारायचं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर जातो. समोरून मारलं तर आणखी आत ठासतो. आणि वॉशिंग सेंटरची जोराची तोटी जवळ नेऊ नका. जाळीची पानं कागदासारखी पातळ असतात, आडवी पडली की धुळीने बंद होण्यापेक्षा वाईट. घरचा बागेचा पाइप पुरे. ऑइल चिकटलेलं असेल तर आधी साबणाचं पाणी मारून दहा मिनिटं मुरू द्या.

समोर हौसेने लावलेली जाडजूड गार्ड, गणपतीत लावलेला आणि काढायचा राहिलेला फलक, नंबर प्लेटच्या वरचं मोठं नाव: हवा अडवणारं सगळं काढा. हसू येईल, पण एकदा फक्त फलक काढून गाडी बरी झाली. पैसे काय मागणार, चहावर भागलं.

पट्टा आणि पंखा

पट्ट्याच्या सगळ्यात लांब सरळ भागावर अंगठ्याने दाबा. साधा व्ही-पट्टा साधारण सेंटीमीटरभर दबला पाहिजे. त्याहून जास्त म्हणजे ढिला. बाजू काचेसारखी चकचकीत असेल तर तो घसरतोय. गियर बदलल्यावर ‘कीऽऽच’ आवाज हा त्याचाच. आपोआप ताण धरणाऱ्या टेन्शनरची गाडी असेल तर अंगठ्याच्या नादाला लागू नका, चिरा आणि तुटलेले दोरे तेवढे बघा. बऱ्याच पिकअपमध्ये वॉटर पंप आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर असतात. म्हणून चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटा चढू लागला तर जागीच थांबा. पट्टा तुटलाय, पंप बंद आहे, इंजिनाकडे फार वेळ नाही.

पंखा दोन जातींचा. इलेक्ट्रिक असेल तर फ्यूज, रिले, सॉकेट, याच क्रमाने. इंजिन नीट तापू द्या आणि पंखा सुरू होतो का ते लांबून ऐका. बॅटरीवरून थेट वायर दिल्यावर फिरत असेल तर मोटर चांगली, दोष रिले, वायर किंवा सेन्सरमध्ये.

दुसरा पंखा इंजिनावरचा, मध्ये गोल डबी असलेला. तिला सगळे नुसतं सिलिकॉन म्हणतात. डबीत सिलिकॉनचं घट्ट तेल असतं आणि समोर धातूची एक पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वळते, आतली वाट उघडते, तेल मध्ये येतं आणि पंखा इंजिनाबरोबर जोरात फिरायला लागतो. थंड असताना तो मुद्दाम सुस्त राहतो, डिझेल वाचावं म्हणून. तपासायचं असं: इंजिन चांगलं गरम झाल्यावर बंद करा, पूर्ण थांबू द्या, मग पंख्याला हाताने झटका द्या. जड लागला आणि अर्ध्या-एक फेरीत थांबला तर बरा. गरगर चार-पाच फेऱ्या फिरत राहिला तर डबी गेली. डबीच्या मध्यावर धूळ धरलेला तेलकट डाग असेल तर तेल तिथूनच गेलंय. कानानेही कळतं. चांगली डबी घाटात धरते तेव्हा पंख्याचा ‘घोंऽऽ’ असा वाऱ्यासारखा आवाज येतो. ‘पूर्वी फार आवाज करायची, आता शांत झाली’ असं ड्रायव्हर खुशीत सांगतो तेव्हा मी आधी सिलिकॉनलाच हात घालतो.

पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर तुटून काढून टाकलेलं असेल तर ते परत बसवा. त्याच्याशिवाय पंखा इंजिनातलीच गरम हवा घुसळत बसतो.

पाइप

एक कोल्हापूरची गाडी होती. ड्रायव्हर दारात उतरला तोच हात जोडून. “मिस्त्री, रेडिएटर नवा, पंप नवा, थर्मोस्टॅटचा वॉल नवा. आता काय इंजिनच बदलू व्हय?” तीन गॅरेज फिरून आला होता आणि तिन्ही ठिकाणी गाडी उभी करून, न्यूट्रलला तपासलेली. उभ्या गाडीत दोष दिसतच नव्हता.

क्लीनरला बसवलं सीटवर, म्हटलं गरम होऊ दे आणि मग हळूहळू रेस वाढव. मी बाजूने टॉर्च धरून खालच्या पाइपाकडे बघत होतो. हजाराला काही नाही. दोन हजारला काही नाही. तीन हजारच्या आसपास पाइप आत बसायला लागला, दात पडलेल्या म्हाताऱ्याची गालफडं बसतात तसा, आणि बघता बघता चपटा झाला. रेस सोडली की परत गोल. खालचा पाइप पंपाच्या चोखण्याच्या बाजूला असतो, म्हणून तो आतून मजबूत लागतो. काही गाड्यांत त्यासाठी आत तारेची स्प्रिंग येते. याच्या पाइपातली स्प्रिंग कुणीतरी पाइप बदलताना फेकून दिली होती. रेस जास्त म्हणजे पाणी जास्त लागतं, आणि नेमकं तेव्हाच पाणी बंद. पाइप बदलला, त्याच दिवशी क्रेट भरून गाडी घाट चढली.

पण पाइप चपटा होतोय म्हणून दोष पाइपाचाच असेल असंही नाही. रेडिएटर आतून चोक असेल तर पंप जास्त जोराने ओढतो आणि चांगला पाइपसुद्धा बसतो. नवा घालूनही तेच झालं तर पुढचं बघा.

गळती

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. सकाळचा डाग कुठे आहे ते सांगतो कुठून गळतंय. वॉटर पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ किंवा वाळलेला रंगीत थर दिसला की आतली सील गेली. ते भोक एमसील लावून बुजवणारे महाभाग आहेत. पाणी मग बेअरिंगमध्ये जातं, पंप एक दिवस अडकतो आणि पट्टा घेऊन जातो. रेडिएटरच्या टाकीची कड, क्लिपा, हीटरचे पाइप हेही बघा. केबिनमध्ये पायाखालची मॅट ओली आणि गोडसर वास म्हणजे हीटरची जाळी.

गळती बंद करायची पावडर-बिवडर माझ्या गॅरेजमध्ये चालत नाही, हळद तर नाहीच. ती भोकापेक्षा आधी रेडिएटरच्या नळ्या बुजवते.

थर्मोस्टॅट

आमच्या लायनीत याचं एकच औषध: “वॉल काढून टाक.” मीही सुरुवातीची वर्षं काढायचो, उस्तादाने तसंच शिकवलं होतं. मग लक्षात आलं की काही इंजिनांत वॉल काढल्यावर गाडी घाटात आधीपेक्षा जास्त तापते. कारण त्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला दुसरी चकती असते. इंजिन तापलं की वरची चकती रेडिएटरची वाट उघडते आणि खालची, इंजिनातल्या इंजिनात फिरणारी आडवाट बंद करते. वॉल काढला की आडवाट कायमची उघडी. बरंच पाणी रेडिएटर न बघताच परत इंजिनात जातं. ज्या गाड्यांत असं होत नाही तिथेही इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त खातं, काजळी धरतं आणि झिजतं.

तपास घरी होतो. पाइपांवरून अंदाज घ्या: काटा वर आहे, वरचा पाइप चटका देतोय आणि खालचा जवळजवळ गार, तर पाणी फिरत नाही. मग थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात दोरीने लोंबता सोडा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर टाका आणि गॅस लावा. अंगावर ८२ कोरलेलं असेल तर ८२ अंशांच्या आसपास उघडायला सुरुवात झाली पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे. घरचं पातेलं घेतलंत तर ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका, कुलंट विषारी असतं. आमच्या घरी यावरून एकदा झालंय, आता गॅरेजला वेगळं पातेलं आहे.

बसवताना बारीक हलती पिन वरच्या बाजूला ठेवा, तिथून हवा निघते. पाणी भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हळूहळू ओता, पाइप दाबत राहा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून सलग पाणी येईपर्यंत उघडा ठेवा. केबिनला हीटर असेल तर तो गरमवर. आत अडकलेली हवा म्हणजे नवीन सामान घालूनही तापणारी गाडी.

रेडिएटर आतून

इंजिन गरम करून बंद करा आणि लेझरवाल्या थर्मामीटरने जाळीवर पट्टा-पट्टा तापमान बघा. मध्येच गार पट्टे आले तर त्या नळ्या बुजल्यात. जुन्या पितळी रेडिएटरला सळ्या घालून साफ करता येतं. आताच्या ॲल्युमिनियमला ते करू नका, बदला.

इथे मला एक आडवळण घ्यावं लागतं. हे सगळं ठीक आणि तरी चढावर तापते, तर दोष पाण्याचा नसेलच. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहिलाय का? दहा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका, कुठलं जास्त धग देतंय ते कळेल. क्लच घसरतोय का? वजन पासिंगपेक्षा किती जास्त आहे, हे मला नाही, स्वतःला विचारा. आणि घाटात तिसऱ्यावर कण्हत चढवू नका. दुसरा टाका. रेस वाढली की पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात, हळू रेसला दामटलेलं इंजिन जास्त तापतं.

हेड पॅकिंगची शंका

ही शंका घरी फक्त घ्यायची, खात्री मिस्त्री करेल. थंड इंजिन, झाकण काढलेलं, पाणी काठोकाठ. सुरू करा आणि बाजूने बघा. पहिल्यांदा थोडे बुडबुडे येणं ठीक, आतली हवा असते. थांबायचं नाव घेत नसतील, रेसबरोबर वाढत असतील, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक झाला तरी तोच अर्थ, कारण इतक्या लवकर दाब उष्णतेने येत नाही.

डिपस्टिकवरचं ऑइल ताकासारखं झालं असेल तर गाडी सुरूच करू नका. पावसाळ्यात कमी अंतर चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरट साय धरते, ती दमटपणाची. तेवढ्यावर हेड खोलू देऊ नका. निळ्या द्रवाची गॅस टेस्ट होते, डिझेलच्या गॅसने तो हिरवा पडतो. पण उभ्या डिझेल गाडीत तो बरेचदा निळाच राहतो. गाडी चढावर चालवून आणून लगेच करायला सांगा.

पाणी कमी होतंय, बाहेर थेंब नाही, ऑइल स्वच्छ, पण सायलेन्सरमधून पांढरा धूर: नव्या गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर पाण्याने थंड करणारा भाग) आतून फुटलेला असू शकतो. हेड खोलण्याआधी त्याची प्रेशर टेस्ट करून घ्या. हेड खोलायला लागलंच तर फेस, म्हणजे हेडचा सपाट तळ, वाकलाय का ते पट्टीने मोजून, प्रेशर टेस्ट करूनच परत बसवायला सांगा. नुसतं पॅकिंग बदलून दिलेली गाडी दोन महिन्यांत परत येते.

इथे थांबा, मिस्त्री बोलवा

थर्मोस्टॅटपर्यंतचं काम हाताला सवय असलेल्या माणसाचं आहे. त्यापुढे स्वतः जाऊ नका. न थांबणारे बुडबुडे, ताकासारखं ऑइल, गोडसर वासाचा पांढरा धूर, काटा चढून एकदम पडणं, इंजिनाचा दम जाऊन चेक लाइट लागणं, यातलं एकही असेल तर गाडी चालवत गॅरेजला आणू नका, उचलून आणा. आणि सेल्फ मारताना इंजिन ‘ठक’ करून अडकलं तर दुसऱ्यांदा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असू शकतं, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

घाटातच झालं तर असं. काटा चढतोय पण वाफ नाही, पाणी जात नाही: एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण चालू, सावलीत थांबून न्यूट्रलला हलकी रेस दोन-तीन मिनिटं. पंप-पंखा चालू राहून बहुतेकदा उतरतो. नाही उतरला तर बंद करा. वाफ दिसली किंवा खाली पाणी सांडतंय तर रेसचा विचार नको, लगेच बंद.

मग फोन करा आणि मिस्त्रीला ‘गाडी गरम झाली’ एवढंच सांगू नका. उभी असताना की चढावर, पाणी किती गेलं, काटा कुठवर गेला आणि त्यानंतर किती चालवली, हे सांगा. शेवटच्या प्रश्नाला सगळे खोटं बोलतात, पण त्यावरच मी क्रेन पाठवायची की नुसता पाइप घेऊन यायचं ते ठरवतो. दोरी बांधून टोचन करून घाट उतरू नका. इंजिन बंद असताना ब्रेकला बूस्टरची मदत नसते आणि स्टिअरिंग जड असतं. क्रेन येईपर्यंत चाकाला दगड लावा, आणि निघताना तो दगड रस्त्याच्या कडेला टाका, मागून रात्रीची मोटरसायकल येते.